पाण्यातल्या मेटल डिटेक्टरचा डगडगणारा शाफ्ट घरी कसा दुरुस्त करायचा

उरणच्या पिरवाडी किनाऱ्यावर वहिनीची अंगठी पाण्यात पडली, तेव्हा माझ्याकडे डिटेक्टर येऊन जेमतेम महिना झाला होता. जुनाच घेतला होता, पण चालू होता. गुडघाभर पाणी, ओहोटी लागलेली, जागाही साधारण माहीत. तरी दीड तासात हाती काही लागलं नाही. यंत्र सारखं वाजायचं, वाजलं की थांबायचं, आणि नेमकी जागा धरायला गेलं की आवाज गायब. मग भरती चढली आणि आम्ही परत आलो. घरी यंत्र ओट्यावर आडवं धरून कॉइलला, म्हणजे खालच्या टोकाच्या धातू हुडकणाऱ्या चकतीला, बोटाने हलकेच ढकललं, तर ती इकडून तिकडे चांगली सेंटिमीटरभर हलली. ती अंगठी आजवर मिळालेली नाही. तेव्हापासून कोणाचंही यंत्र हातात आलं की मी आधी त्याचा शाफ्ट, म्हणजे मूठ आणि कॉइल जोडणारा दांडा, हलवून बघतो.

ठाणे-नवी मुंबईत हा नाद करणारे फार नाहीत, आणि यंत्र बिघडलं तर न्यायला जवळ दुकानही नाही. पण शाफ्ट ही इलेक्ट्रॉनिक वस्तू नव्हे. ती एकात एक सरकणाऱ्या दोन-तीन नळ्यांची साधी जोडणी आहे. लोकलमधली बॅग दुरुस्त करणारा माणूस जितकं समजून घेतो तितकं समजलं की ती घरी बसून नीट करता येते.

डगडग एवढी का नडते

जमिनीवर थोडा हलणारा शाफ्ट खपून जातो, पाण्यात खपत नाही. पाणी हवेपेक्षा साधारण आठशे पट घन असतं. कॉइल आडवी फिरवताना पाणी तिला अडवतं, आणि फिरवण्याचा वेग दुप्पट केला की हा अडथळा जवळजवळ चौपट होतो. तो सगळा जोर शाफ्टच्या सांध्यांवर येतो. दर फेरीच्या टोकाला दिशा बदलताना सांधा आधी एका बाजूला टेकतो, मग धक्का खाऊन दुसऱ्या बाजूला.

त्यातून दोन गोष्टी होतात. कॉइलचं वाळूपासूनचं अंतर सारखं बदलतं. आपल्या किनाऱ्यांवरच्या वाळूत सह्याद्रीच्या काळ्या बसाल्टचा चुरा असतो, त्यात मॅग्नेटाइटसारखी लोहखनिजं असतात. कॉइल खाली-वर झाली की यंत्राला या खनिजांचा सिग्नल कमी-जास्त मिळतो, आणि वस्तू नसताना ते वाजतं. दुसरं, कॉइलजवळची वायर सैल असेल तर तीही शाफ्टबरोबर फडफडते आणि खोटा आवाज देते. त्या दिवशी माझ्या यंत्रात बहुतेक दोन्ही चालू होतं.

थोडं गणित, पुढे कामाला येईल

समजा दोन नळ्या एकमेकींत 60 मिमी शिरल्या आहेत, आणि आतल्या नळीच्या बाहेरच्या व्यासात आणि बाहेरच्या नळीच्या आतल्या व्यासात 0.4 मिमीचा फरक आहे. म्हणजे वर्तमानपत्राची काही पानं एकावर एक ठेवावी एवढीच फट. आतली नळी तिरकी होऊन एक टोक वर टेकतं, दुसरं खाली. सांध्यापासून कॉइल 750 मिमी लांब असेल तर 0.4 भागिले 60 गुणिले 750, म्हणजे कॉइल 5 मिमी सरकते. दुसऱ्या दिशेलाही तेवढीच. मिळून एक सेंटिमीटर. शाफ्ट तीन तुकड्यांचा असेल तर दोन सांधे असतात, आणि त्यांची डगडग एकमेकींत मिळते.

या हिशेबातून दुरुस्तीच्या दोनच वाटा निघतात. फट कमी करा, नाहीतर नळ्या जास्त लांब एकमेकींत शिरतील असं करा. 60 चे 120 मिमी केले की डगडग निम्मी. लॉक जोराने आवळणं यात कुठेच येत नाही. नवीन माणूस नेमकं तेच करतो, आणि लॉकचं प्लॅस्टिक तडकल्यावर विचारायला येतो. लॉकचं काम नळी सरकू न देणं एवढंच. नळीला सरळ धरायचं काम फिटिंगचं, म्हणजे नळ्या एकमेकींत नेमक्या बसण्याचं.

आधी धुवा, मग सुटं करा

बॅटरी काढा किंवा यंत्र बंद करा. कंट्रोल बॉक्सला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक भाग असलेल्या डब्याला, हात लावायचा नाही. गॅरेटचं एटी प्रो 10 फूट पाण्यापर्यंत चालतं, मायनलॅबचं एक्सकॅलिबर 200 फुटांपर्यंत. ही खोली त्यांच्या बंदिस्त डब्याच्या आणि रबरी रिंगांच्या जोरावर आहे. शाफ्टसाठी त्या डब्याचा एकही स्क्रू उघडावा लागत नाही. डबा शाफ्टवर बसवलेला असेल तर तो जसाच्या तसा सरकवून बाजूला ठेवा.

वायरीचे वेढे सोडवण्याआधी मोबाइलवर दोन-तीन फोटो काढा. काही मॉडेलमध्ये वायर नळीच्या आतून जाते. तुमची तशी असेल तर नळी ओढून काढू नका, आणि पुढे जिथे भोक पाडायचं सांगितलं आहे तो भाग तुमच्यासाठी नाही.

आता नळ्या बादलीभर गोड्या पाण्यात अर्धा तास ठेवा, मग हलवत-हलवत बाहेर काढा. अडकलेली असेल तर पिळत ओढा, हातोडी नको. माझी पहिल्यांदा निघाली तेव्हा पांढऱ्या पेपरवर आधी चिमूटभर काळी वाळू पडली, तिच्यामागून दळलेल्या मिठासारखी पांढरी भुकटी. पण ती मीठ नव्हे. ॲल्युमिनियमच्या नळीत स्टेनलेसचा स्क्रू असला आणि दोन्हींना खारं पाणी लागलं की त्या जोडीत ॲल्युमिनियम झिजतं, त्याचाच हा चुरा. कार्बन फायबरची नळी ॲल्युमिनियमला टेकून असेल तरी हेच होतं. नळीच्या तोंडाशी अशी भुकटी दिसली तर फट कशाने वाढली ते कळलं.

बाटली धुवायच्या ब्रशने बाहेरची नळी आतून घासा, पुसा, आणि पंख्याखाली वाळवा. अनेकदा एवढ्यानेच अर्धी डगडग जाते, कारण वाळूच्या कणांमुळे नळी वाकडी टेकलेली असते.

डगडग नेमकी कुठे आहे

हे घाईत करू नका. माझा अर्धा वेळ इथेच जातो. शाफ्ट पुन्हा जोडा, कॉइल लावा. वरची नळी टेबलाच्या कडेला कापडात गुंडाळून क्लॅम्पने पकडा, घरी व्हाइस असेल तर उत्तमच. कॉइल हवेत राहू द्या. मागे भिंतीवर कोरा कागद चिकटवा. कॉइलच्या कडेला दोन बोटांनी वर ढकला, कागदावर पेन्सिलीची खूण करा. खाली दाबा, दुसरी खूण. तसंच आडवं. दोन खुणांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. दुरुस्ती झाली का, हे पुढे या आकड्यावरच ठरेल.

मग एका हाताने कॉइल हलवत दुसऱ्या हाताचा अंगठा एकेका सांध्यावर ठेवत वर या: कॉइलचे कान, खालचा सांधा, मधला सांधा, कोपर टेकवायचा कप. जिथे अंगठ्याला टकटक लागते तिथे दोष. डोळ्यांपेक्षा अंगठा लवकर सांगतो. डगडगीची जातही ओळखा. नळी तिरकी होते का, गोल फिरते का, की पुढे-मागे सरकते? तिरकी होत असेल तर फिटिंग गेलं आहे. गोल फिरत असेल तर स्प्रिंगचं बटण (नळीच्या भोकात अडकून उंची धरणारं) किंवा त्याचं भोक. पुढे-मागे सरकत असेल तर लॉक.

कॉइलचे कान

कॉइलच्या पाठीवर दोन कान असतात, त्यांच्यामध्ये खालच्या नळीचं टोक बसतं आणि आरपार प्लॅस्टिकचा बोल्ट जातो. दोन्ही बाजूंना रबराचे वायसर असतात. वर्षभरात ते दबून चपटे होतात आणि कॉइल मान टाकायला लागते. दुरुस्तीत सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त वेळा लागणारी गोष्ट हीच.

जुना वायसर नमुना म्हणून घेऊन हार्डवेअरच्या दुकानात जा, तेवढ्याच व्यासाचा पण किंचित जाड मागा. नाही मिळाला तर सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कापा, एक पुरला नाही तर दोन थर द्या. बसवताना वायसर थोडा दबून आत जायला हवा, पण कान बाहेर फाकता कामा नयेत. बोल्ट फक्त बोटांनी आवळायचा. पान्याने आवळला की प्लॅस्टिकचे आटे जातात किंवा कान तडकतो, आणि कान तुटला की कॉइलच बदलायची पाळी येते.

इथे लोखंडी किंवा स्टेनलेसचा बोल्ट कधीही घालू नका. लोहचुंबक चिकटत नाही म्हणून स्टेनलेस चालेल असं बऱ्याच जणांना वाटतं. पण डिटेक्टरला तोही धातूच, आणि तो कॉइलच्या अगदी अंगावर. नायलॉनचा बोल्ट इलेक्ट्रिकच्या किंवा फास्टनरच्या दुकानात मिळतो.

नळ्यांच्या सांध्याचं पॅकिंग

खरं काम इथे आहे. आधी फट किती ते मोजा. व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं साधन) असेल तर बाहेरच्या नळीचा आतला व्यास आणि आतल्या नळीचा बाहेरचा व्यास घ्या, दोन-तीन जागी फिरवून, कारण झिजलेली नळी गोल राहिलेली नसते. व्हर्निअर नसेल तर झेरॉक्सचा साधा कागद घ्या. तो साधारण 0.1 मिमी जाड असतो. त्याची बोटभर रुंद पट्टी आतल्या नळीभोवती बरोबर एक वेढा गुंडाळा आणि नळी घालून बघा. एका वेढ्याने व्यास 0.2 मिमी वाढतो. किती वेढ्यांना नळी जेमतेम सरकते ते पाहिलं की फट कळली.

पहिली परीक्षा म्हणून काळ्या इन्सुलेशन टेपचा वेढा देऊन बघायला हरकत नाही. दोष खरंच त्या सांध्यात आहे का, हे लगेच कळतं. पण टेप तशीच ठेवू नका. उन्हात तिचा गोंद पाघळतो, वाळू त्याला चिकटते, आणि महिन्याभरात नळी अशी बसते की निघता निघत नाही. प्लंबरची पांढरी टेफ्लॉन टेपही इथे उपयोगाची नाही, ती सरकत-सरकत फाटते.

टिकाऊ पॅकिंगसाठी पातळ पारदर्शक प्लॅस्टिक शीट घ्या. झेरॉक्सच्या दुकानात ओएचपी शीट मिळते, ती 0.1 मिमीची असते. स्पायरल बाइंडिंगच्या कव्हरची शीट थोडी जाड असते. फट पूर्ण भरायची नाही. व्यासावर 0.1 मिमी मोकळं ठेवायचं, म्हणजे वाळूचा बारीक कण आला तरी नळी जाम होत नाही. 0.4 ची फट असेल तर 0.3 भरायची: 0.1 च्या शीटचा एक वेढा म्हणजे 0.2, आणि उरलेलं खालच्या गोंदाच्या थराने भरतं.

पट्ट्या दोन लागतात, आणि दोन्ही आतल्या नळीवरच. एक तिच्या आत जाणाऱ्या अगदी टोकाला, दुसरी जिथे बाहेरच्या नळीचं तोंड येतं तिथे. बहुतेक जण तोंडाशीच पॅकिंग करतात, कारण तेवढंच दिसतं. आतलं टोक मोकळंच राहतं आणि डगडग जेमतेम निम्मी होते. दोन आधार एकमेकांपासून जितके लांब तितकी नळी सरळ राहते. आणखी एक खबरदारी: तोंडाची पट्टी बाहेरच्या नळीच्या आत चिकटवू नका. मग तोंड अरुंद होतं आणि टोकाच्या पट्टीसह आतली नळी आतच जात नाही. हे मी करून बसलो आहे, ती पट्टी खरवडून काढायला एक अख्खी संध्याकाळ गेली.

तोंडाशी येणारी पट्टी 60–80 मिमी लांब ठेवा. शाफ्टची उंची एक-दोन भोकं कमी-जास्त केली तरी तोंड तिच्यावरच राहील. त्याआधी स्वतःच्या उंचीला शाफ्ट कुठल्या भोकावर सोयीचा पडतो ते ठरवून नळीवर मार्करने खूण करा. टोकाची पट्टी 15–20 मिमी पुरे, स्प्रिंगच्या बटणाच्या पुढे, बटण झाकलं जाणार नाही अशी.

चिकटवताना स्प्रिंगचं बटण काढून ठेवा. नळीचा तेवढाच भाग 120 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून खरखरीत करा. शीटची आतली बाजूही घासा, गुळगुळीत प्लॅस्टिकला गोंद धरत नाही. दोन्ही थिनरने पुसा आणि त्यानंतर बोट लावू नका. ॲराल्डाइटच्या दोन ट्यूबा सारख्या प्रमाणात कालवा, पातळ थर द्या, शीट गुंडाळा. वेढ्याची टोकं एकमेकांवर चढवू नका, मध्ये 2 मिमीची फट ठेवा. चढवलीत तर तिथे उंचवटा होतो, आणि ती फट पाणी-वाळू निघून जायलाही लागते. वरून प्लॅस्टिकच्या पिशवीची पट्टी घट्ट गुंडाळून दोऱ्याने बांधा आणि एक पूर्ण दिवस तसंच राहू द्या. पाच मिनिटांत सुकणारा ॲराल्डाइट घेऊ नका, पाण्यात तो साध्याइतका टिकत नाही.

दुसऱ्या दिवशी 400 नंबरचा वॉटर पेपर घ्या, पाण्यात बुडवून पट्टी सगळीकडून सारखी घासा आणि दर दहा-वीस हातांनी नळी घालून बघा. पट्टीची पुढची कड थोडी उतरती करा, नाहीतर आत जाताना तीच उचलली जाते. बाहेरच्या नळीच्या भोकांना आतून बर, म्हणजे उठलेली धारदार कड, असेल तर गोल कानशीने आधी काढा, तो बर पट्टीला सोलून काढतो. नळी अंगच्या वजनाने सुटत नाही, पण हाताने न अडखळता सरकते, इथे थांबा. थांबायची जागा हाताला कळते. नाही कळली तर पाच मिनिटं चहा घेऊन या आणि मग ठरवा. जास्त घासलेली पट्टी परत भरता येत नाही, नवीनच चिकटवावी लागते.

फट मोठी असेल तर टर्नरकडे

नळी फार झिजली असेल, किंवा कोणी वेगळ्या मापाची नळी बसवून दिली असेल आणि फट मिलिमीटरच्या पुढे असेल, तर शीटचे थर चढवत बसू नका. वागळे इस्टेट, रबाळे, तुर्भे भागात लेथचे छोटे गाळे आहेत. एकच नग काढून देणारा टर्नर, म्हणजे लेथवर कातकाम करणारा कारागीर, शोधा.

मी वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात गेलो होतो. लेथवरचे काका नळी हातात फिरवत म्हणाले, "नायलॉनचा तुकडा पडलाय, त्याचा काढून देतो."

"काका, पाण्यात राहणार आहे ते. खाऱ्या."

"मग नायलॉन नको रे बाबा, फुगेल. डेलरिन आण. आणि कागदावर माप आणू नकोस, दोन्ही नळ्या आण."

त्यांचं दोन्ही बरोबर होतं. साधं नायलॉन पाण्यात पडून राहिलं तर वजनाच्या आठ-नऊ टक्क्यांपर्यंत पाणी पितं आणि आकाराने वाढतं. मग आज छान सरकणारा बुश, म्हणजे फट भरणारी कातलेली नळकांडी, महिन्याने नळीला आवळून बसतो. डेलरिन हे दुसरं कडक प्लॅस्टिक एक टक्क्याच्या आसपासच पितं. प्लॅस्टिक रॉडच्या दुकानात ते पांढऱ्या किंवा काळ्या रॉडमध्ये कापून मिळतं.

काकांनी सुचवलेला बुश आतला नव्हता, बाहेरचा होता. टोपीसारखा. अर्ध्या लांबीत त्याचं भोक बाहेरच्या नळीच्या बाहेरच्या व्यासाएवढं, उरलेल्या अर्ध्यात आतल्या नळीच्या व्यासापेक्षा 0.1 मिमी मोठं. तो बाहेरच्या नळीच्या तोंडावर चढतो आणि तिच्या पुढे 40 मिमी निघतो. म्हणजे 60 मिमीचा आधार एकदम 100 मिमीचा झाला, आणि झिजलेल्या तोंडाशी आता काही संबंधच उरला नाही. चढणाऱ्या भागाला करवतीने एक उभी चीर द्यायची आणि वरून स्टेनलेसचा होज क्लॅम्प आवळायचा. हा क्लॅम्प कॉइलपासून दोन फुटांवर असतो आणि कॉइलच्या मानाने हलत नाही, म्हणून त्याचा त्रास होत नाही.

जोडताना क्रम लक्षात ठेवा. आधी बुश आतल्या नळीवर ओवायचा, मग टोकाची पट्टी चिकटवायची, मग नळी आत घालायची, आणि शेवटी बुश मागे ढकलून तोंडावर चढवायचा. पट्टी आधी चिकटवलीत तर बुश तिच्यावरून जाणार नाही.

लॉक, बटण, भोकं

पिळून आवळायचं लॉक असेल तर ते उघडून वाळू धुवा आणि कोरडं करा. लॉकला तेल-ग्रीस लावायचं नाही, ते घर्षणावरच धरतं. पट्टी दाबून बसणारं कॅम लॉक असेल तर बहुतेक वेळा त्याच्या बाजूला एक स्क्रू असतो. तो पाव-पाव फेरा आवळत जा आणि प्रत्येक वेळी खटका बंद करून बघा. खटका एका अंगठ्याने बंद व्हायला हवा.

भोक लांबट झालं असेल तर नळी गोल फिरते, आणि ते भरून पुन्हा पाडण्यात अर्थ नाही. त्याच नळीवर पाव वळसा सोडून नवीन भोक पाडा. आत घट्ट बसणारा लाकडी दांडका घातल्याशिवाय ड्रिल लावू नका, पातळ नळी चेपते. आधी सेंटर पंच, मग बारीक ड्रिल, मग बटणाच्या मापाचं. भोकाची आतली कड कानशीने साफ. बटणाची स्प्रिंग थकली असेल तर छत्री किंवा ट्रायपॉड दुरुस्त करणाऱ्याकडे तसलं बटण मिळून जातं.

कोपराचा कप हलत असेल तर त्याच्या स्क्रूला साध्या नटाऐवजी आत नायलॉनची रिंग असलेला लॉक नट लावा आणि ॲल्युमिनियममध्ये जाणाऱ्या स्क्रूला सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा. बॅटरीच्या झाकणाच्या रबरी रिंगेलाही सिलिकॉन ग्रीसच. व्हॅसलिन किंवा हाताशी असलेलं कुठलंही तेल तिथे नको, काही जातीचं रबर त्याने फुगतं.

परत जोडणी आणि पाण्यातली पहिली चाचणी

वायर गुंडाळताना पहिला वेढा कॉइलपासून थोडी ढील ठेवून शाफ्टच्या वरच्या बाजूने न्या. कॉइल पुढे-मागे वळेल एवढीच ढील. पुढचे वेढे घट्ट, आणि दोन-तीन ठिकाणी वेल्क्रोची पट्टी. भिंतीवरच्या कागदासमोर पुन्हा खुणा करा. माझा आकडा सेंटिमीटरवरून अडीच मिलिमीटरवर आला. तुमचा तीनच्या आत आला तर पुरे.

यंत्र चालू करून बघायची घाई इमारतीच्या गच्चीवर किंवा घरात करू नका. स्लॅबमध्ये सळ्या असतात, ते वेड्यासारखं वाजतं आणि दुरुस्ती फसली असं वाटतं. मोकळ्या मातीच्या मैदानावर जा, आधी कॉइल जमिनीवरून फिरवून स्वच्छ जागा शोधा, मग तिथे एक नाणं ठेवा आणि दोन्ही दिशांनी त्याच्यावरून फिरवा. आवाज दोन्हीकडून एकाच जागी आला पाहिजे. जाताना इकडे आणि येताना बोटभर तिकडे वाजत असेल तर सांध्यात अजून डगडग आहे.

पाण्यासाठी ठाण्याच्या तलावांत उतरायचं नाही. खाडीतही नाही. खाडीचा तळ चिखलाचा आहे, पाय रुततो, आणि तिचा मोठा पट्टा 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. नवी मुंबईकरांना सोयीचं उरणच. 2024 पासून नेरूळ-बेलापूरहून लोकल थेट उरणपर्यंत जाते, आणि लांबी कमी केलेला शाफ्ट बॅगेत मावतो. तिथे ओएनजीसीचा प्रकल्प आहे, नौदलाची हद्द आहे. कानाला हेडफोन लावून यंत्र फिरवणाऱ्या माणसाला विचारणा होणारच. आधी पोलीस चौकीत जाऊन सांगून या, मीही तसंच करतो.

वेळेसाठी जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की साधारण पूर्ण भरतीची वेळ येते, आणि तिथून सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला भरती सहाच्या सुमाराला, म्हणजे दुपारी बाराच्या आसपास पाणी सगळ्यात खाली. अष्टमीच्या आगेमागे पाण्याची ओढही कमी असते, पहिल्या चाचणीला तेच दिवस बरे. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप लांब जातं म्हणून मोह होतो, पण ते परतही तेवढ्याच जोरात येतं. कोळीवाड्यातल्या माणसाला विचारून उतरा, एकटे जाऊ नका, आणि पावसाळ्यात जाऊच नका. गुडघाभर पाणी पुरेसं आहे.

चाचणीत सापडलेली वस्तू कोणाची तरी हरवलेली असते, हे विसरू नका. दागिना मिळाला तर तो पोलिसांकडे द्या. जुनं नाणं किंवा दडवलेला ऐवज वाटावा असं काही निघालं तर 1878 चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा लागू होतो. त्यात दहा रुपयांहून जास्त किमतीच्या अशा वस्तूची कलेक्टरला लेखी माहिती द्यावी लागते. किल्ल्यांच्या आसपास यंत्र काढायचंच नाही.

पाण्यात हळू फिरवा, तळाला समांतर. फेरीच्या टोकाला दिशा बदलताना मुठीला धक्का जाणवतो का, तेवढ्याकडे लक्ष द्या. मी दुरुस्तीनंतर पहिल्यांदा उतरलो तेव्हा तासाभरात बाटलीची चार झाकणं, एक मासेमारीचं शिसं आणि एक रुपया निघाला. प्रत्येक वेळी जिथे वाजलं तिथेच हाताला लागलं.

परत आल्यावर त्याच दिवशी नळ्या सुट्या करून गोड्या पाण्यात बुडवा. दुसऱ्या दिवसावर ढकललंत तर मीठ वाळून पट्टीच्या कडेखाली शिरतं. मग तिन्ही तुकडे वेगवेगळे, तोंड खाली करून, बाल्कनीच्या ग्रिलला सावलीत टेकवून ठेवा, आणि पुढच्या वेळी निघायच्या आदल्या रात्रीच परत जोडा. जोडल्यावर कॉइलला एकदा बोट लावून बघा.